उणे चिन्ह खोडू नका

(मावळातील आदिवासी पाड्यांवरील अकरावी-बारावी विज्ञान व आयटीआयच्या विद्यार्थ्यांच्या सुट्टीतील वर्गात दिलेले भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण दहावीपर्यंत मराठीत शिकलात. अकरावीत पुस्तक इंग्रजी झालं आणि ‘अर्धवाहक’चा सेमीकंडक्टर झाला. तिथेच पुष्कळांनी पेन खाली ठेवलं. “डायोडचं सोडून देतो, बाकीचं करतो,” असं तुम्ही म्हणता. माझं म्हणणं असं की, डायोडचं गणित सोडू नका. ते तुमच्याच घरातल्या सौर दिव्याचं गणित आहे.

आपल्या मावळाचं विजेशी नातं जुनं. वळवण, लोणावळा, शिरवता इथलं पाणी घाटाखाली नेऊन टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. डोंगर आपला, उजेड दुसरीकडे. म्हणून आयआयटी मुंबईचा २०१४ चा उपक्रम मला मोलाचा वाटतो. दहा लाख सौर अभ्यासदिवे, आणि ते जुळवायला व दुरुस्त करायला शिकवलं गावातल्याच माणसांना. दिवा वाटणं सोपं असतं. बंद पडलेला दिवा उघडून बघणारं माणूस पाड्यावर असणं, ही खरी गोष्ट. डोंगरावरच्या प्रवचनात दिवा कुठे ठेवायचा ते सांगितलंय. दुरुस्ती मात्र आपल्यालाच शिकायची आहे!

आता फळ्याकडे बघा. आधी सोपं. बॅटरी ६ व्होल्टची, पांढरा एलईडी, त्याच्यावर पडतात साधारण ३ व्होल्ट. उरले ३. एलईडीला २० मिलीअँपिअर द्यायचेत, म्हणजे ०.०२ अँपिअर. तीन भागिले ०.०२, उत्तर १५० ओहम. एवढा रेझिस्टर मध्ये हवा. “जास्त उजेड पडेल” म्हणून तो काढून थेट तार जोडली की एलईडी जळतो. आणि दोन एलईडी एकापुढे एक लावले तर? तीन अधिक तीन सहा, रेझिस्टरसाठी काही उरत नाही, दिवे मिणमिणतात.

आता ज्या गणितात मार्क जातात ते. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये एक काळा डायोड असतो, रुपया-दोन रुपयांचा, एका टोकाला रुपेरी पट्टा. करंट पट्ट्याच्या दिशेनेच पुढे जातो. सिलिकॉनचा असेल तर वाटेत ०.७ व्होल्ट खातो. समजा पॅनल ९ व्होल्ट देतंय, बॅटरी ६, वाटेतला एकूण रोध १० ओहम. (खरं पॅनल ऊन-सावलीप्रमाणे बदलतं, पण गणितापुरतं चालेल.) डायोड चालू आहे असं धरा. ९ वजा ६ वजा ०.७, म्हणजे २.३. भागिले १०. करंट ०.२३ अँपिअर. अधिक आला, म्हणजे धरलं ते बरोबर. बॅटरी चार्ज होतेय.

संध्याकाळ झाली, पॅनल ५ व्होल्टवर आलं. पुन्हा तसंच धरा. ५ वजा ६ वजा ०.७, म्हणजे उणे १.७. भागिले १०, उणे ०.१७. इथे तुम्ही काय करता? उणे चिन्ह खोडता आणि ०.१७ लिहून मोकळे होता. वह्या तपासताना मी हे वारंवार पाहतो. अरे, ते उणे तुम्हाला काहीतरी सांगतंय! ते म्हणतंय, डायोड चालू आहे हे तुमचं धरणंच चुकलं. डायोड बंद आहे, उत्तर शून्य. आणि शून्य हेच आपल्याला हवंय, कारण तो डायोड नसता तर दिवसा साठवलेली वीज रात्रभर पॅनलमधून उलटी गळत राहिली असती.

सगळ्या डायोडच्या गणितांची हीच रीत. आधी चालू धरा, करंट काढा, उणे आला तर बंद धरून पुन्हा सोडवा. आधीचं धरणं चुकलं म्हणून लाजायचं काही कारण नाही. पुन्हा सोडवणं हा गणिताचाच भाग आहे. दुरुस्तीला आलेल्या दिव्यात डायोडच्या जागी नुसत्या तारेला डाग दिलेला दिसला, तर तोटा कुठे होतोय ते आता तुम्हाला कळेल.

शेवटचं तुम्ही सोडवा. जुलै महिना, लोणावळ्याचं ढगाळ आभाळ. पॅनल ६.५ व्होल्ट, बॅटरी ६. पॅनल जास्त आहे म्हणून बॅटरी चार्ज होते, असं घाईने लिहू नका, ०.७ विसरू नका. मग त्याच जागी ०.३ व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड घालून बघा आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी लिहा. पावसाळ्यात दिवा कुणाचा पेटेल ते त्यावरून कळेल.

चार-चारचे गट करा, मल्टीमीटर दोनच आहेत.