टाळेबंदीतली वीजबिले आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. आमचे शिक्षण नववीपर्यंत, तेही रात्रशाळेत. पुढचे जे काही आले ते गिरणीच्या साचेखात्यात, युनियनच्या हापिसात आणि याच विहाराच्या कपाटातली पुस्तके वाचून. समितीने सांगितले, वस्तीच्या प्रश्नांवर बोला. आम्ही म्हटले, वीजबिलावर बोलतो. त्यावर आपला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, वर्धापनदिनाला वीजबिल हा काय विषय झाला?" त्याचे उत्तर आधी देतो.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो. पण त्याच खात्याकडे विजेचाही कारभार होता, हे आपल्यापैकी कितीजण सांगतात? धरणे, पाणी आणि वीज यांच्या योजना त्यांनी त्या काळात आखायला घेतल्या. १९४३ साली विजेच्या धोरणासाठी जी समिती बसली तिच्यापुढे त्यांचे म्हणणे असे होते की, देशातली गरिबी हटवायची तर कारखानदारी वाढली पाहिजे आणि त्यासाठी वीज स्वस्त व भरपूर मिळाली पाहिजे. तेव्हा वीज हा आपल्या विहारातही बोलण्याचा विषय आहे. दुसरे कारण असे की, या विषयात आमच्या हातून एक चूक झाली आणि ती आम्हाला याच लोकांसमोर कबूल करायची आहे.

२०२० सालच्या मार्चची आठवण करा. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या गिरणीची पाळी त्याच्या दोन दिवस आधी सुटली ती सुटलीच, भोंगा परत वाजला नाही. सुरुवातीचे काही महिने पगार अर्धामुर्धा आला. पण आमचे सोडा, आम्हाला निदान पगाराचा कागद तरी होता. आपल्या वस्तीत नाक्यावर उभे राहणारे बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, रिक्षावाले, लग्नाच्या बँडात वाजवणारी पोरे यांचे काय? सोसायट्यांनी गेटवरूनच बायांना परत पाठवले. रेशनचा तांदूळ मिळाला, समितीने किट वाटली, कुणी उपाशी राहिले नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तांदूळ शिजवायला गॅस लागतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे दिवसरात्र कोंडली तर पंखा लागतो. याचा विचार कोणाच्याच किटमध्ये नव्हता.

५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे घालवायला सांगितले होते. तेव्हा आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चला, तेवढंच बिल कमी येईल." आम्ही सगळे हसलो. जूनमध्ये मात्र कोणी हसले नाही.

गॅसचे दोन शब्दांत सांगतो. उज्ज्वला योजनेच्या कनेक्शनवर एप्रिल ते जून तीन सिलिंडर फुकट होते. पैसे आधी बँकेच्या खात्यात जमा व्हायचे आणि त्यातून सिलिंडर घ्यायचा. ज्यांनी तीनही घेतले नव्हते त्यांना पुढे सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून मिळाली. आपल्या वस्तीत अशी कनेक्शने थोडीच, बहुतेकांची जुनी साधी. पण जी होती त्यातल्या दोन घरी पैसे खात्यावर पडून होते आणि घरात रॉकेलचा स्टो चालला होता! पासबुक भरून आणायला कोणी गेलेच नव्हते. मदत आली आणि दाराबाहेर उभी राहिली, अशी ही गोष्ट.

आता विजेकडे येतो. टाळेबंदीत मीटर वाचायला माणूस येऊ शकत नव्हता. म्हणून मार्चच्या शेवटी वीज नियामक आयोगाने कंपन्यांना सांगितले की, रीडिंग थांबवा आणि मागच्या वापराच्या सरासरीवर बिल द्या. मागचा वापर म्हणजे थंडीचे महिने, पंखा बंद, माणसे कामावर, पोरे शाळेत. त्यामुळे एप्रिल-मेची बिले कमी आली. ती पण मोबाइलवर, कागद नाही. आपण खूश. जूनमध्ये मीटर वाचला गेला आणि तीन महिन्यांचा खरा वापर एकदम बिलावर उतरला. त्यात १ एप्रिलपासून नवे दर लागलेले. ज्या घरी सहाशे-सातशे येत होते तिथे अडीच-तीन हजारांचा आकडा. वस्तीत बोंब उठली, लुटले, लुटले!

आम्ही आणि समितीचे दोघे-तिघे बिले घेऊन बसलो. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर, तोंडाला रुमाल बांधून. तेव्हा पहिल्यांदा आम्ही बिलाची मागची बाजू वाचली. खरे सांगतो, तीस वर्षे बिल भरले, पण स्थिर आकार काय, वहन आकार काय, वीज शुल्क कशावर, हे आम्हाला माहीत नव्हते. साचा कुठे बिघडला हे आवाजावरून सांगणारे आम्ही, घरातल्या मीटरचे आकडे वाचता येत नव्हते.

बिलात मुख्य गोष्ट टप्प्यांची. पहिल्या शंभर युनिटला दर कमी, १०१ ते ३०० ला जास्त, ३०० च्या वर आणखी जास्त. समजा तीन महिन्यांत ३३० युनिट जळले. ते एकाच महिन्याचे धरले तर शंभर स्वस्त, दोनशे महाग आणि तीस फारच महाग. तेच तीन महिन्यांत वाटले तर महिन्याला ११०, म्हणजे दर महिन्याला शंभर स्वस्त आणि फक्त दहा महाग. नियम असा की, टप्प्याचा फायदा महिन्यामहिन्याने वाटूनच द्यायचा. आणि एप्रिल-मेला जे भरले ते वजा करायचे. आम्ही एकेक बिल पाटीवर मांडून पाहिले. आमची खात्री होती की सगळी चुकीची निघणार. पण तसे झाले नाही. बहुतेक बिलांत हिशेब बरोबर होता. युनिट खरोखरच जळले होते. चुकीची निघाली ती चार. एकात मीटरचा नंबरच दुसऱ्याचा, दोघांचे रीडिंग चुकीचे टिपलेले, आणि एक कुटुंब मार्चपासून गावी, खोलीला कुलूप, तरी सरासरीचे बिल. या चारांचे अर्ज आम्ही लिहिले, मीटरचा फोटो जोडला, पोच घेतली आणि चारही दुरुस्त झाले. वेळ लागला, पण झाले.

बाकीच्यांचे काय? बिल बरोबर होते म्हणून भरायला पैसे आले असे थोडेच आहे? इथेच मदतीचा खरा प्रश्न होता. आयोगाने जूनमध्ये सांगितले होते की, बिल जर मार्च ते मेच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त असेल तर तीन हप्ते करून द्या, आणि तक्रार मिटेपर्यंत वीज तोडू नका. एकदम भरणाऱ्याला दोन टक्के सूटही जाहीर झाली होती. आपल्याला दोन टक्के काय कामाची, पण हप्ते कामाचे होते. कारखाने आणि दुकानांना तर स्थिर आकार भरायला तीन महिन्यांची मुदत मिळाली होती. घरगुती गिऱ्हाइकाला तीही नाही. तेव्हा जे तीन हप्ते हातात होते ते आपण ताबडतोब घ्यायला हवे होते.

आम्ही ते घेऊ दिले नाहीत. ही आमची चूक.

त्या वेळी सगळीकडे एकच बोलले जात होते, बिल माफ होणार. सगळे पक्ष मोर्चे काढत होते. ऊर्जा खाते आपल्या नितीन राऊतसाहेबांकडे होते. दिवाळीपर्यंत चांगली बातमी देऊ असे ते बोलले. आपला माणूस खात्यावर आहे म्हणजे आपले काम झाले, असे आम्ही धरून चाललो. याच विहाराच्या पायरीवर उभे राहून आम्ही सांगितले, "कुणी भरू नका. भरले तर माफी बुडेल." लोकांनी ऐकले. आमचे ऐकतात ना लोक! दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी सांगितले की, वीज कंपनीही वीज विकत घेणारी गिऱ्हाईकच आहे, वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील. तोपर्यंत हप्त्याची वेळ गेलेली, थकबाकीवर विलंब आकार आणि व्याज चढलेले. ज्यांनी आमचे न ऐकता जुलैमध्ये गुपचूप हप्ते केले ते सुटले होते. त्यातला एक समोर बसलाय, हसतोय.

२०२१ च्या सुरुवातीला वीज तोडायला माणसे येऊ लागली. आपल्या गल्लीतल्या एक वहिनी आहेत. नाव घेत नाही. भाऊ वारल्यानंतर धुणीभांडी करून दोन मुले वाढवली. कामे मार्चपासून सुटलेली, दिवाळीनंतर दोन घरे परत मिळाली. थकबाकी साडेआठ हजारांच्या वर. फेब्रुवारीत दुपारी माणूस आला आणि जोडणी काढून गेला. वहिनी कामावर. मोठी मुलगी दहावीला, घरात एकच मोबाइल, त्यावरच शाळा. मोबाइल बंद, शाळा बंद.

कायदा काय म्हणतो? २००३ चा वीज कायदा, कलम ५६. तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाहिजे. आणि बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम, नाहीतर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. आम्ही हे पुस्तक उघडून वीज कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, नोटीस मोबाइलवर गेली आहे. कोणाच्या मोबाइलवर? मीटर वहिनींच्या सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन बारा वर्षे झाली, आणि नोंदलेला नंबर दिराचा, तो पुण्याला! नोटीस पुण्याला जाऊन पोहोचली होती. साहेबांचेही खोटे नाही आणि वहिनींचेही नाही. आपल्या वस्तीत निम्मी मीटरे मेलेल्या माणसांच्या नावावर आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी पोरे म्हणाली, काका, आकडा टाकतो, दोन मिनिटांचे काम आहे. आम्ही नको म्हटले. कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पत्र्याच्या घराला उघडी तार लागली तर शिक्षेपर्यंतही जायला नको. मग ठरले की मुलांनी विहारात बसावे. १६ नोव्हेंबर २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडलेली होती. वहिनींची मुलगी आणि आणखी पाच-सहा मुले मागच्या खोलीत, तथागतांच्या फोटोखाली जे प्लगचे बटण आहे, त्याला मोबाइल लावून अभ्यास करायची.

पण मुलगी विहारात बसली म्हणजे घरात उजेड झाला नाही. २०२० चा वर्धापनदिन झाला नव्हता, त्याची वर्गणी शिल्लक होती. आम्ही समितीत म्हणालो, ही रक्कम बिलाला द्या. मोठे भांडण झाले. काहीजण म्हणाले, धम्मकार्याचा पैसा, उद्या सगळेच मागतील. त्यांचेही चूक नव्हते. शेवटी महिला मंडळाच्या अक्कांनी तोड काढली. दान नको, हातउसने द्या, बिनव्याजी, वहीत लिहून. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. अकरा घरांना दिले. वहिनींचे तीन हजार भरले, बाकीचे हप्ते लिहून घेतले आणि चौथ्या दिवशी वीज आली. त्यानंतर काही दिवसांनी, २ मार्चला विधानसभेत तोडणीला स्थगिती जाहीर झाली, सगळीकडे आनंद झाला, आणि अधिवेशन संपता संपता १० मार्चला ती उठली. तेव्हा मात्र आम्ही पायरीवर उभे राहून कोणाला काही सांगितले नाही. शहाणे झालो होतो.

अकरापैकी नऊ घरांनी पैसे परत केले. दोघांचे राहिले आहेत. त्यातला एक दुसऱ्या लाटेत गेला. ते आम्ही वहीतून खोडलेले नाही आणि मागितलेही नाही.

आता पुढचे. समितीने त्या वेळेपासून एक वही ठेवली आहे. त्यात प्रत्येक घराचा ग्राहक क्रमांक, मीटर कोणाच्या नावावर आणि कोणता मोबाइल नोंदलाय ते लिहितो. आतापर्यंत सव्वीस मीटरे हयात माणसांच्या नावावर करून झाली. मृत्यूचा दाखला, घराचा कागद आणि वारसांची संमती लागते. भावाभावांत वाद असेल तर तो आधी मिटवा, आम्ही मध्ये बसू. कार्यालयाने तक्रार ऐकली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे, वकील लागत नाही. साधा मराठीत अर्ज चालतो. तोंडी सांगून येऊ नका, पोच घ्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की आम्ही मागच्या खोलीत बसतो. येताना चालू बिल, शेवटची भरल्याची पावती आणि मीटरचा फोटो आणा. वहिनींची मुलगी आता कॉमर्सला आहे, हिशेब तीच मांडते. आमच्यापेक्षा लवकर मांडते.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. जय भीम.