चिमणीचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



विजेला आमचा विरोध नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शेतावर जाणारा माणूस विजेला विरोध करील कसा? प्रश्न आहे तो वीज तयार करताना निघणाऱ्या धुराचा, आणि त्याचं बिल कुणी भरायचं याचा.

आपल्या देशी कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून महागड्या यंत्राची गरज नाही, असं सांगतात. हिशेब करून पाहू. १ टन कोळशात ५ किलो गंधक. जळल्यावर त्याचा साधारण १० किलो सल्फर डायऑक्साइड होतो. १००० मेगावॉटचं केंद्र पूर्ण चाललं तर दिवसाला सुमारे १५,००० टन कोळसा खातं. म्हणजे रोज १५० टन वायू! तो पानांच्या छिद्रांतून आत शिरतो, पान पिवळं पडतं, करपतं. हवेत त्याचीच बारीक धूळ होते आणि छातीत जाते.

उपाय अवघड नाही. धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारला की गंधक धरलं जातं आणि तयार होतं जिप्सम. चोपण जमिनीत आणि भुईमुगाला आपण टाकतो तेच!

केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ ला राख, गंधक, नायट्रोजनचे वायू आणि पारा यांच्या मर्यादा ठरवल्या. मुदत दिली २ वर्षं. मग ती २०२२ पर्यंत वाढली, पुढेही वाढतच राहिली. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. अट फक्त चिमणीच्या उंचीची. १० लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र यंत्र बसवायचं आहे, २०२७ अखेरपर्यंत. शहराला यंत्र, खेड्याला उंच चिमणी! चिमणी उंच केल्याने धूर कमी होत नाही, फक्त लांबच्या शिवारात पडतो.

हे बदलता येतं का? चिकूच्या बागांचं डहाणू पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तिथे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्याने १९९९ मध्ये औष्णिक केंद्राला गंधक काढण्याचं यंत्र बसवायला सांगितलं. ते सुरू झालं २००७ मध्ये. ८ वर्षं लागली, पण पाठपुरावा सुटला नाही, म्हणून बसलं.

आता आपलं काम. राख आणि पारा यांच्या मर्यादा आजही लागू आहेत. चिमणीवरच्या मोजणीचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. पान करपलं तर तारीख, पीक आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा, आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडून पंचनामा करून घ्या. नुसत्या तक्रारीला कुणी विचारत नाही. नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

यंत्राचा खर्च वाचला असं ते म्हणतात. तो वाचलेला नाही. तो आपल्या शेतावर आणि आपल्या पोरांच्या छातीवर टाकलेला आहे.