कोल्हापूर ते मुंबई, आकाशमार्गे

कोल्हापूरहून मुंबई किती लांब, याचं उत्तर तुम्ही कशानं जाता त्यावर ठरतं. महामार्गानं साधारण ३७५ किलोमीटर. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे करत जाते, त्यामुळे रुळावरचं अंतर ५०० किलोमीटरच्याही पुढे जातं. आणि उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती भरते सुमारे ३१० किलोमीटर.

अशा जवळच्या मार्गांवर वापरलं जाणारं एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं. भागाकार केला तर ३७ मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र तासाभराचा प्रवास दिसतो. असं का?

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि मुक्कामी उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाणं त्यात आलं. उजळाईवाडीची धावपट्टी ढोबळमानानं पूर्व-पश्चिम आहे आणि मुंबई आहे वायव्येला. म्हणजे उडाल्यावर आधी वळायचं. चढताना पूर्ण वेग मिळत नाही, उतरताना तो कमी करत न्यावा लागतो. एवढ्याशा मार्गात भरवेगाचा टप्पा मधला थोडकाच उरतो.

खरा वेळ जातो तो मुंबईच्या दारात. तिथली मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या अंगानं, पूर्वेकडून उतरतात. आग्नेयेकडून आलेल्या आपल्या विमानाला वळण घेऊन त्या रांगेत शिरावं लागतं. दुसरी धावपट्टी आहे, पण ती पहिलीला छेदून जाते. त्यामुळे दोन्हींवर स्वतंत्रपणे, एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत. गर्दी झाली की आकाशातच घिरट्या. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा वाटभर लागला, तरी आपली चारच मिनिटं जादा जातात. रांगेतल्या दोन-तीन घिरट्या त्याहून कितीतरी जास्त वेळ खातात.

म्हणूनच मला वाटतं, आपण मिनिटांसाठी हटून बसू नये, वेळेसाठी बसावं. गडहिंग्लजहून परळच्या रुग्णालयात तपासणीला निघालेल्या माणसाला विमान ५० मिनिटांत पोचलं की ६०, यानं काही फरक पडत नाही. ते सकाळी लवकर सुटतं का, आणि संध्याकाळी परत आणतं का, हे त्याच्यासाठी महत्त्वाचं. दुपारचं विमान मिळालं तर मुंबईत मुक्काम आलाच, आणि त्या खर्चात रातराणीचं जाण्यायेण्याचं भाडं सहज निघतं.

अडचण अशी, की सकाळच्या गर्दीत सत्तर प्रवाशांच्या विमानालाही उतरायला धावपट्टीवर एक पाळी लागते आणि दोनशे प्रवाशांच्या विमानालाही एकच. त्या हिशेबात लहान शहर मागे पडतं. आता पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. कोल्हापूरपासूनचं हवाई अंतर त्यानं जेमतेम वीस किलोमीटरनं घटतं, पण पाळ्या वाढतात. त्यातली सकाळची एक आणि संध्याकाळची एक पाळी कोल्हापूरसाठी, तशाच नांदेड आणि जळगावसाठी राखून ठेवाव्यात, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी आत्ताच, पाळ्यांची वाटणी पक्की होण्याआधी, लावून धरली पाहिजे.