लोणार बघायचं ते पाण्याच्या वाटेनं

सुट्टीत महाराष्ट्रात जाणाऱ्यांना लोणारबद्दल काही सांगा, असं तुमच्या मंडळाचं निमंत्रण होतं. गाड्या, रस्ते, राहायची सोय तुम्ही माझ्याआधीच शोधून ठेवली असणार, आणि उल्का आदळून खड्डा झाला हे तर तुमच्या पोरांनाही पाठ आहे. म्हणून मी फक्त एका तुलनेबद्दल बोलतो, कारण ती ऐकली की माझं डोकं उठतं. ‘अ‍ॅरिझोनाचं विवर बघा कसं राखलंय, आणि आपलं लोणार बघा!’ तुमच्यापैकी बरेच जण अ‍ॅरिझोनाला जाऊन आलेले आहेत. तिथलं विवर साधारण सव्वा किलोमीटर रुंद, वाळूच्या आणि चुनखडीच्या दगडात झालेलं, आज कोरडं आणि एका कुटुंबाच्या मालकीचं. तिकीट काढायचं, कठड्याशी उभं राहून आत बघायचं. पर्यटकांना तळाशी उतरू देत नाहीत. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद, काळ्या बेसाल्टमधलं आणि आत पाणी असलेलं. शिवाय काठाला लागून गाव. एक जपून ठेवलेली वस्तू आहे, दुसऱ्यात माणसं शेकडो वर्षं उतरताहेत. दोन्हींना एकच फूटपट्टी लावली की लोणार नापास होणारच.

लोणारची फूटपट्टी तिथल्या पाण्यात आणि देवळांत शोधायला हवी. माझं म्हणणं एवढंच, की लोणारची देवळं आणि लोणारचं विवर ही दोन वेगळी स्थळं नाहीत. दख्खनचा बेसाल्ट थरांवर थर असा पसरलाय. त्यातल्या झिजलेल्या, भेगाळलेल्या भागांत गोडं पाणी मुरून राहतं. विवरानं हे थर आडवे कापले, त्यामुळे ते पाणी उतारावर झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. आता देवळं कुठे आहेत ते बघा. काठाजवळ गोमुखाची बारमाही धार आणि तिच्याभोवती देवळं. उतारावर सीतान्हाणी, रामगया. खाली तळ्याच्या काठाला कमळजादेवी, आणि तिच्याजवळ सासू-सुनेची विहीर, जिचं पाणी एका बाजूला गोड, दुसऱ्या बाजूला खारट असं गावकरी सांगतात. तळ्याची पातळी वाढली की ही विहीर दिसेनाशी होते. देवळांच्या जागा एकमेकींना जोडत गेलात, की गोड्या पाण्याचा नकाशाच हाती येतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गावातलं सर्वांत देखणं देऊळ म्हणजे दैत्यसूदन. ते तारकाकृती विधानाचं, अंगभर कोरीव कामाचं, पण विवरात नाही, आणि झऱ्यावरही नाही. खरं आहे. सगळी देवळं पाण्यामुळेच झाली असा माझा दावा नाही. दैत्यसूदन गावाच्या ऐश्वर्याचं देऊळ आहे. तिथे जाताना टॉर्च न्या, आतल्या छतावरचं काम अंधारात हरवतं. पण विवरातली देवळं कशाला धरून उभी आहेत, या प्रश्नाला पाण्याइतकं सरळ उत्तर दुसरं मिळत नाही.

(श्रोत्यांतून: लवणासुराची गोष्ट म्हणजे पूर्वजांना उल्का ठाऊक होती, असंच ना?) नाही. विष्णूनं दैत्याच्या बिळावरचं झाकण उडवलं ही कथा सुंदर आहे, पण विज्ञानालाही कितीतरी वर्षं हे विवर ज्वालामुखीचा प्रकार वाटत होतं. आघातानं काचेसारखं झालेलं मास्केलिनाइट हे खनिज इथल्या खडकात सापडलं आणि 1973 साली त्याबद्दल प्रसिद्ध झालं, तेव्हा वाद मिटत आला. वय तर अजून ओढाताणीत आहे: आधीचा अंदाज पन्नासेक हजार वर्षांचा, आर्गॉन पद्धतीचा साडेपाच लाखांच्या पुढचा. पूर्वजांना उल्का ठाऊक नव्हती; पाणी आणि क्षार मात्र नेमके ठाऊक होते. तळ्यातला खार काढून विकण्याचा इथे जुना धंदा होता, आणि आइन-ए-अकबरीत इथल्या, साबण आणि काच करायला लागणाऱ्या कच्च्या मालाची नोंद आहे.

(दुसरा प्रश्न: गुलाबी पाणी बघायला मिळेल का?) त्या भरवशावर तिकीट काढू नका. जून 2020 मध्ये पाणी कमी झालं, खारेपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग पाण्याला चढला. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तसं तपासून सांगितलं. एरवी पाणी हिरवट असतं. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी येतं, वाफ होऊन जातं, क्षार मागे उरतात. म्हणून ते इतकं अल्कधर्मी आहे, आणि म्हणूनच नाजूकही.

‘मग घाणीचं काय?’ हे तुम्ही विचारणारच, आणि विचारायलाच हवं. तक्रार खोटी नाही. पण उपाय अ‍ॅरिझोनासारख्या कठड्याचा नाही. जे तळं काही बाहेर सोडत नाही, त्यात वरून आलेलं गावाचं सांडपाणी, साबण, शेतातलं खत सगळं साठून राहतं. खारेपणा बदलला की त्यावर जगणारी सूक्ष्मजीवसृष्टीही बदलते. 2020 साली लोणारला रामसर हा पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तो याच तळ्यासाठी. तेव्हा मंडळाला लोणारसाठी खरंच काही करायचं असेल, तर प्रेक्षागॅलरी, सेल्फी पॉइंट यांना देणगी देऊ नका. गावचं सांडपाणी काठाच्या अलीकडे अडवून शुद्ध होतंय का, झऱ्यांचं आणि तळ्याचं पाणी नियमित तपासलं जातंय का, एवढं विचारा, आणि जो ते करत असेल त्याला द्या.