पहिल्या वर्षाचे कार्ड

गेल्या हिवाळ्यात आमचा एक विद्यार्थी बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या घरी आला. डब्यात फुटबॉलपटूंची रंगीत कार्डे होती, दोनशेच्या आसपास. मुलगा वैजापूरकडच्या खेड्यातला. वडिलांनी परीक्षेच्या फीसाठी दिलेले पैसे त्याने गुलमंडीवर कार्डांच्या पाकिटांत घातले होते. म्हणाला, "सर, नव्या खेळाडूंची पहिली कार्डं लाखांत जातात म्हणे. थोडी विकून फी भरता येईल का?"

त्याने ऐकले ते खोटे नव्हते. १९५८ साली स्वीडनमध्ये विश्वचषक झाला, तेव्हा पेले सतरा वर्षांचा होता. त्या वर्षी तिथे छापलेले त्याचे एक कार्ड २०२२ साली तेरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पुठ्ठ्याला एवढे मोल कसले? मोल पुठ्ठ्याला नाहीच. हा पोरगा पुढे कोण होणार, हे छापणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि मुलांनाही नव्हते. म्हणून कार्डे कोणी जपली नाहीत. हाताळली, दुमडली, हरवली. जी थोडी धड राहिली, त्यांनाच भाव आला. जाणकार कोपरे, कडा, चित्र मधोमध आहे की नाही, हे सारे पाहून दहापैकी गुण देतात. एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पट बदलते. (आमच्या परीक्षकांनी इतक्या बारकाईने पेपर तपासले तर बरे!)

आपल्याकडेही हे घडले आहे. १९८७ च्या सुमारास 'बिग फन' नावाच्या चघळायच्या गोळीबरोबर क्रिकेटची कार्डे मिळत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा जमल्या की दुकानदार कार्डे घेऊन चित्रांची चिमुकली वही देई. पाने भराभर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसे. मी तेव्हा दुसरीत होतो. माझी सगळी कार्डे अशीच गेली, आणि वह्या आईने बंबात घातल्या. त्याचे मला तेव्हाही फारसे वाईट वाटले नाही.

आता उलटी बाजू पाहा. १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेत बेसबॉलची कार्डे पुढे महाग होतील म्हणून लोकांनी पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या. कंपन्यांनीही हात सैल सोडून छापली. सगळ्यांनीच जपली, म्हणून त्यांतली बहुतेक आज कवडीमोल आहेत. त्या मुलाच्या डब्यातली कार्डेही याच जातीची होती.

मी त्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करीत राहिला. वडिलांनी कापूस विकून ते पैसे दिले होते. फी मी भरली; तो सुट्टीत काम करून थोडेथोडे फेडतो आहे. वडिलांना मात्र त्याने स्वतःच जाऊन सांगितले. डबा धाकट्या भावाला दिला. तो अंगणात कार्डे भिंतीवर आपटून खेळतो, अन् त्यांचे कोपरे आता पार गेले आहेत.