खुराडे आणि आपले हात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणींच्या अंगणात चार कोंबड्या असतात, आणि खुराडे झाडणे हे बायकांचेच काम. म्हणून आज बर्ड फ्लूविषयी दोन शब्द बोलते.

भारतात कोंबड्यांत हा रोग प्रथम आढळला तो आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला, 2006 साली. जानेवारी 2021 मध्ये तो शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी आला. शेकडो कोंबड्या मेल्या.

माणसाला तो कसा जडतो? आजारी कोंबडीच्या विष्ठेत व लाळेत विषाणू असतात. खुराडे कोरडे झाडले की धूळ नाकात जाते. मेलेली कोंबडी सोलताना हात भरतात, आणि तेच हात डोळ्यांना, तोंडाला लागतात. असे क्वचितच घडते; पण घडले तर जिवावर बेतते. हाँगकाँगमध्ये 1997 साली 18 जणांना लागण झाली, त्यांतले 6 दगावले.

नीट शिजवलेली अंडी, मटण खुशाल खा. पण ‘फुकट कशाला घालवायची?’ म्हणून आजारी कोंबडी कापू नका, घाईने बाजारातही विकू नका. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर मुलांना दूर ठेवा, हात न लावता गुरांच्या दवाखान्यात कळवा. रोगापायी सरकारने नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते. एरवीही पाणी शिंपडून, नाकातोंडाला फडके बांधून झाडा. मग साबणाने हात धुवा.

भगिनींनो, आपण लपवलेला आजार शेजारणीच्या खुराड्यात जातो, एवढे ध्यानी ठेवा.