कृषिशिक्षण : वर्ग आणि शिवार



कृषिविद्यापीठांविषयी बोलताना आपण बहुधा त्यांच्या संशोधनाविषयी बोलतो. अध्यापनाकडे वळतो ते क्वचितच. १९६० साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषिविद्यापीठ स्थापन झाले. अमेरिकेतील लँड ग्रँट विद्यापीठांची धर्ती त्यासाठी स्वीकारण्यात आली होती. अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकत्र नांदावीत, शेतातील अडचण प्रयोगशाळेत पोहोचावी आणि तेथील निष्कर्ष वर्गात यावेत, हा त्यामागील हेतू. पुढे राज्याराज्यांत विद्यापीठे निघाली. सत्रपद्धती आली, अंतर्गत मूल्यमापन आले. जो शिकवितो त्यानेच परीक्षा घ्यावी, ही सुधारणा मोलाची होती. परंतु प्रश्न पुष्कळ ठिकाणी व्याख्यांचेच राहिले.

जमिनीतील ओलाव्याचेच पाहा. त्याची व्याख्या विद्यार्थी अचूक लिहितो. शेतकरी मूठभर माती घेऊन तिचा गोळा दाबतो आणि खाली टाकतो. गोळा फुटला तर वाफसा आला असे समजून तो औत जुंपतो. चिकटून राहिला तर थांबतो. (शेतीविषयक ग्रंथ मराठीत आणताना ‘वाफसा’ हा शब्द मला पदोपदी उपयोगी पडला आहे, मूळ इंग्रजी मजकुरात त्यासाठी अख्खे वाक्य खर्ची पडलेले असते.) मातीतील पाणी, हवा आणि अवजाराचा दाब यांचा विचार या एका कसोटीत सामावला आहे. काळ्या जमिनीत घाई केली तर चिखल तुडविला जातो व वाळल्यावर ढेकळे होतात. उशीर केला तर फाळ लागत नाही. असे का घडते, हे शास्त्र सांगते. औत केव्हा घालावे, हे मात्र मातीत हात घातल्यावाचून कळत नाही.

पदवीच्या अंतिम वर्षी विद्यार्थ्याने खेड्यात शेतकरी कुटुंबाच्या सहवासात काम करावे, यासाठी ग्रामीण कृषी कार्यानुभवाचा कार्यक्रम आहे. २०१५ साली जाहीर झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेतही त्याचा समावेश आहे. कार्यक्रम चांगला आहे. पण तीन वर्षे मुख्यतः वर्गात घालवून चौथ्या वर्षी गाव दाखविणे, हा क्रम मला उलटा वाटतो. नोंदवही भरते, सही होते, आणि शिक्षक गावात एखाददुसऱ्या वेळीच डोकावतो. माझ्या मते पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला चार-दोन गुंठे जमीन द्यावी, नांगरणीपासून मळणीपर्यंतचा हिशेब त्यानेच ठेवावा, आणि पीक बुडाले तर ते का बुडाले याच्या विवेचनाला पूर्ण गुण असावेत. तोंडी परीक्षेला प्राध्यापकाशेजारी एक शेतकरीही बसवावा. तो प्रश्न आपल्या बोलीत विचारील, आणि इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला उत्तर त्याच बोलीत द्यावे लागेल.